खळ्यात हेस्टिंग्जची लढाई उभारायची असेल तर

दिवाळीला खळ्यात (घरापुढच्या अंगणात) किल्ला म्हटला की आमच्या मालवण-देवगड पट्ट्यात सिंधुदुर्ग नाहीतर विजयदुर्ग, आणि तो करायचाच, त्याबद्दल वाद नाही. पण ज्यांचं खळं मोठं आहे आणि मुंबईची पोरं चार दिवस आधी येऊन मोबाइल घेऊन लोळत पडतात, त्यांनी ह्या वर्षी किल्ल्याच्या बाजूला एक रणांगण करून बघा. इंग्लंडच्या गादीसाठी १४ ऑक्टोबर १०६६ ला झालेली हेस्टिंग्जची लढाई. हिच्यात एक टेकडी, दोन फौजा आणि सकाळी नऊपासून अंधार पडेपर्यंतचा एक दिवस, बस्स एवढंच आहे. आणि किल्ला कसा, एकदा झाला की पोरं त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत, इथे रोज सैनिक हलवायचे असतात त्यामुळे धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत सगळी गुंतून राहतात.

एक गोष्ट पहिल्यांदाच सांगून ठेवतो, सगळी मेहनत टेकडीवर घाला. सैनिक वाकडे झाले तरी चालतात, घोड्याला तीनच पाय राहिले तरी कोण मोजत नाही, पण उतार चुकला तर लढाई कुणाला समजावूनच सांगता येत नाही, कारण त्या दिवशी जे काय झालं ते त्या उतारामुळे झालं.

आधी गोष्ट पाठ करा

माती आणायच्या आधी पोरांना बसवून गोष्ट सांगा, नाहीतर ती तोफा आणून ठेवतात. (तोफ नाही. बंदूक नाही. १०६६ मध्ये युरोपात दारूगोळा नव्हताच. हे किल्ला सुरू व्हायच्या आधीच ठणकावून सांगा.)

५ जानेवारी १०६६ ला इंग्लंडचा राजा एडवर्ड वारला, मूलबाळ नाही. दुसऱ्याच दिवशी त्याच्या बायकोचा भाऊ हॅरॉल्ड गॉडविनसन गादीवर बसला, तिथल्या सरदारांना तो पसंत होता. समुद्रापलीकडे फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम, तो म्हणाला एडवर्डने गादी मला कबूल केलेली आणि ह्या हॅरॉल्डने माझ्यापुढे शपथ घेतलेली, आता हा फिरला. तिकडे नॉर्वेचा राजा हाराल्ड हार्डराडा, त्याचाही दावा, आणि त्याला सामील कोण तर हॅरॉल्डचा सख्खा भाऊ टॉस्टिग. भाऊबंदकी काय असते ते आपल्याकडे कुणाला शिकवायला नको, एका माडाच्या हद्दीवरून पिढ्यान्पिढ्या केस चालतात, इथे तर अख्खा देश होता.

नावांचा एक घोळ होतो, हॅरॉल्ड आणि हाराल्ड. पोरांसमोर नॉर्वेवाल्याला फक्त हार्डराडा म्हणा, सगळं सुटतं.

तर हॅरॉल्ड अख्खा उन्हाळा दक्षिण किनाऱ्यावर फौज घेऊन विल्यमची वाट बघत बसला. विल्यम येईना, कारण वारा येईना. त्याला दक्षिणेकडचा वारा हवा होता आणि तो मिळत नव्हता, जहाजं घोड्यांसकट तयार आणि सगळी बंदरात अडकलेली. हा भाग आपल्या दर्यावर्दी मंडळींना एका वाक्यात कळतो, मतलई आणि खाऱ्या वाऱ्याचा हिशेब ज्यांच्या रोजच्या पोटापाण्याचा आहे त्यांना जास्त काय सांगायचं. शेवटी ८ सप्टेंबरला हॅरॉल्डचा शिधा संपला आणि त्याने गावोगावची माणसं घरी सोडली. कापणीच्या दिवसात माणूस अडकवून ठेवणं काय असतं ते भात कापायला गडी शोधत फिरणाऱ्याला विचारा.

माणसं घरी गेली आणि उत्तरेत हार्डराडा उतरला. २० सप्टेंबरला फुलफर्डला त्याने तिथल्या इंग्रज सरदारांना हरवलं. हॅरॉल्ड लंडनवरून धावत वर गेला आणि २५ सप्टेंबरला स्टॅमफर्ड ब्रिजला त्याला बेसावध गाठला, हार्डराडा मेला, टॉस्टिग मेला, आणि तीनशेच्या आसपास जहाजं घेऊन आलेल्यांतले जे उरले त्यांना परत न्यायला २४ जहाजं पुरली. आणि तीनच दिवसांनी, २८ ला, विल्यम दक्षिणेला पेव्हन्सीच्या किनाऱ्यावर उतरला. अडवायला कोणी नाही.

मग हॅरॉल्ड परत खाली. यॉर्क (स्टॅमफर्ड ब्रिज त्याच्याच जवळ) ते लंडन म्हणजे साधारण रत्नागिरीहून मुंबई गाठायची, घोड्यावर आणि पायी, आणि तिथून पुढे अजून नव्वदेक किलोमीटर. (मुंबई-गोवा हायवेवरून गणपतीला आलेल्यांनी इथे आपला अनुभव सांगू नये, विषय वेगळा आहे.) १३ ऑक्टोबरच्या संध्याकाळी तो हेस्टिंग्जच्या अलीकडच्या टेकडीवर पोचला. सगळी फौज गोळा झाली नव्हती, उत्तरेतून आणलेली माणसं दमलेली. लंडनमध्ये अजून थोडं थांबला असता तर काय झालं असतं ह्यावर लोक अजून भांडतात. माझं मत विचाराल तर थांबायला हवं होतं, विल्यमला परक्या मुलखात धान्य पुरवणं दिवसेंदिवस जड गेलं असतं. पण विल्यम जी गावं लुटत होता, जाळत होता ती हॅरॉल्डच्या स्वतःच्या घराण्याच्या मुलखातली होती, त्यामुळे घाई का केली तेही कळतं.

जागा आणि माप

खळ्यात निदान दहा फूट बाय आठ फूट जागा सोडा. माप सोपं धरायचं, एक फूट म्हणजे शंभर मीटर. हॅरॉल्डची फौज ज्या धारेवर उभी होती ती साधारण पाऊण किलोमीटर लांब, म्हणजे तुमची टेकडी साडेसात फूट लांब झाली पाहिजे. उंचीला हे माप लावू नका, लावलं तर टेकडी बोटभर होईल आणि कोंबडी वरून चालत जाईल, उंचीला दीड-दोन फूट बिनधास्त घ्या.

टेकडी पूर्व-पश्चिम लांब. इंग्रज वर, तोंड दक्षिणेकडे. नॉर्मन खाली, दक्षिणेकडून चढणार. म्हणून बघणाऱ्यांनी दक्षिणेला उभं राहायचं, म्हणजे ती विल्यमच्या बाजूने वर बघतात आणि त्यांना लगेच कळतं की हे चढणं किती अवघड होतं. जागा निवडताना ओटीची पायरी दक्षिणेला येईल असं जमलं तर उत्तम, म्हाताऱ्या माणसांना बसून बघता येतं. नाही जमलं तर दिशा खोट्या धरा, पण पाटीवर बाण काढा.

आता समुद्र. इथे आपली सगळी पोरं एकच गोष्ट करणार, टेकडीच्या पायथ्याशी पुळण (किनाऱ्यावरची वाळू) पसरणार आणि पाणी सोडणार, कारण आपल्याला समुद्राशिवाय लढाई सुचतच नाही. तसं करू द्यायचं नाही. हेस्टिंग्ज गाव लढाईच्या जागेपासून दहाएक किलोमीटर लांब आहे, लढाई जिथे झाली तिथे आता बॅटल नावाचं गाव आहे. आपल्या मापाने समुद्र शंभर फुटांवर जातो. म्हणजे खळ्याच्या बाहेर, पाणंदीच्या तोंडाशी किंवा विहिरीजवळ एक वेगळी छोटी पुळण करा, तिथे जहाजं लावा आणि तिथपासून टेकडीपर्यंत चुन्याची रेघ मारा. स्टॅमफर्ड ब्रिज ह्याच मापाने जवळजवळ चार हजार फूट होतं, ते पार पलीकडच्या वाडीत जाईल, तेव्हा ते मागच्या दाराशी केलं तरी चालवून घ्यायचं.

टेकडी

सामान सगळं घरचंच. जांभ्याच्या चिऱ्याचे तुकडे (घर बांधून उरलेले कुणाकडे तरी असतातच), तांबडी माती, दोन-तीन गोणपाट, पेंढा, थोडं शेण, पुळणीवरची वाळू एक घमेलं.

चिऱ्याचे तुकडे मध्ये रचा, उपड्या ठेवलेल्या होडीसारखा आकार आला पाहिजे, कणा लांब, दोन्ही टोकं निमुळती. मध्ये फटी राहतात त्यात पेंढा कोंबा. वर भिजवलेलं गोणपाट ताणून टाका आणि त्यावर माती-शेणाचा काला थापा, जाडी दोन बोटं. पहिला थर वाळू द्या, भेगा पडतील, त्यावर दुसरा पातळ थर. सकाळी पहिला आणि संध्याकाळी दुसरा असं केलंत तर सगळं एकदम फुगून निघतं, मध्ये एक दिवस जाऊ द्या.

आता उतार. समोरचा, म्हणजे दक्षिणेचा उतार सौम्य पण लांब, घोडा चढेल पण धापा टाकेल असा. दोन्ही टोकांचे, पूर्व-पश्चिमेचे उतार उभे, तिथे चिरा थोडा उघडा ठेवलात तरी चालेल. पायथ्याशी ओलसर जमीन होती, ओहोळ आणि चिखल, विशेषतः बाजूंना, म्हणून तिथे मातीत खोलगट रेघा ओढा आणि रोज थोडं पाणी शिंपडा. मागच्या बाजूला, उत्तरेला, एक चिंचोळी मान सोडा जी मागच्या दुसऱ्या छोट्या टेकडीला जोडते, आणि तिच्या पलीकडे झाडी. झाडीला तुळशीच्या काड्या, शेरणीच्या फांद्या काहीही लावा.

एवढं झालं की पोरांना बोलवा आणि विचारा, तुमच्याकडे माणसं पायी आहेत आणि समोरच्याकडे घोडे आहेत, तुम्ही कुठे उभे राहाल? सहा वर्षांचं पोर पण वर बोट दाखवतं. हॅरॉल्डने तेच केलं. बाजूने वळसा घालून येता येत नाही, समोरून चढून यायचं, घोड्याचा वेग उतारावरच जिरतो, खालून मारलेला बाण एकतर ढालीत रुततो नाहीतर डोक्यावरून मागे जातो. ह्याच्यावर अख्खा दिवस निघाला.

हिरवळीला मोहरी नाहीतर नाचणी पेरा, दिवाळीच्या आठवडाभर आधी. हळीवही चांगला येतो पण महाग पडतो. दक्षिणेच्या उतारावर दाट, पायथ्याशी विरळ. आणि कोंबड्या! खरी चढाई त्यांचीच असते. मोहरी पेरल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सगळा उतार उकरलेला मिळतो. जुनं मासेमारीचं जाळं असेल तर मोड येईपर्यंत वरून टाकून ठेवा, त्याशिवाय पर्याय नाही. परतीचा पाऊस पण ह्याच दिवसात एखादा तडाखा देतो, ताडपत्री गुंडाळून बाजूलाच ठेवा, चार बांबू आधीच रोवून ठेवलेत तर मध्यरात्री धावपळ होत नाही.

सैनिक

प्रत्येक बाजूची फौज किती होती ह्याचे इतिहासकारांचे अंदाज साधारण ५ ते ८ हजारांच्या मध्ये फिरतात. ७ हजार धरा आणि एक पुतळा म्हणजे ५० माणसं धरा, प्रत्येक बाजूला १४० पुतळे झाले. घाबरू नका, बारीक करायचेत, अंगठ्याएवढे. माती कुठून आणायची तर गावातल्या गणपतीच्या शाळेत (मूर्ती घडवतात तिथे) शाडू उरलेली असते, गोड बोलून मागून आणा. बाजारात मावळे मिळतात ते इथे वापरू नका, पगडी आणि अंगरखा घातलेला नॉर्मन बघून शाळेतले मास्तर हसतात.

पुतळ्याला नाक-डोळे काढायच्या फंदात पडू नका. खाली गोल बुड, वर डोकं आणि डोक्याला टोकदार चिमटा, म्हणजे झालं शिरस्त्राण. त्या काळचं शिरस्त्राण शंकूच्या आकाराचंच होतं, नाकावर एक उभी पट्टी. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंचा पोशाख जवळजवळ सारखाच, तेच लोखंडी कड्यांचं चिलखत, तेच टोप, त्यामुळे ओळखायला रंग लावावाच लागतो. इंग्रजांना गेरू, नॉर्मनांना चुना, विषय संपला.

ढालींना भोपळ्याच्या बिया. खरंच सांगतो, वरून रुंद गोल आणि खाली टोक, त्या काळच्या लांब ढालीचा आकार हुबेहूब तोच, आणि फुकट. काही इंग्रजांकडे जुन्या पद्धतीच्या गोल ढाली होत्या त्यांना चिंचोके लावा. शाडू ओली असतानाच बी दाबून बसवा, वाळल्यावर डिंकाने चिकटवलेली पडते.

भाल्यांना माडाच्या झावळीचे हीर, सोलून बारीक केलेले. इंग्रजांकडे लांब दांड्याची मोठी कुऱ्हाड होती, दोन हातांनी चालवायची, ती निदान वीस जणांना तरी द्या, हिराच्या टोकाला औषधाच्या पाकिटाची चंदेरी चकती कापून लावली की होते. ह्या कुऱ्हाडीबद्दल पोरांना एक सांगा, दोन्ही हात कुऱ्हाडीला लागले की ढाल धरायला हात नाही, म्हणून कुऱ्हाडवाला घाव घालायला पुढे येतो तेव्हा त्याला बाजूच्याने झाकायचं असतं. हे वीस जण पुढच्या रांगेत, हे राजाचे पगारी लढवय्ये, हाऊसकार्ल. त्यांच्या मागे गावोगावहून आलेली माणसं, ती ज्याच्याकडे जे होतं ते घेऊन आलेली. इंग्रजांकडे धनुर्धारी जवळजवळ नव्हतेच, तुम्ही पण एकच ठेवा. घोडे होते पण ते मागे बांधून ठेवले, लढायचं पायी.

नॉर्मनांच्या १४० मध्ये मी ३५ धनुर्धारी, ३५ घोडेस्वार आणि बाकी पायदळ असं धरतो. ३५ घोडे करणं हे मात्र खरंच कंटाळवाणं काम आहे. जत्रेतल्या प्लास्टिकच्या घोड्यांची पिशवी मिळाली तर घ्या, लाज कसली. काजूच्या बीला काड्या लावून घोडा करू असं कोणीतरी सुचवेल, ते नको, कच्च्या बीचं तेल अंगाला लागलं तर भाजतं आणि दिवाळी दवाखान्यात जाते.

जहाजांना भुईमुगाच्या शेंगांची टरफलं, मध्ये हीर आणि रंगीत कागदाचं चौकोनी शीड. एकदोन जहाजांत घोडे नक्की ठेवा, घोडे समुद्रावरून नेऊन उतरवणं हीच ह्या मोहिमेतली मोठी करामत होती.

झेंडे चारच. हॅरॉल्डचे दोन, एक वेसेक्सचा (दक्षिण इंग्लंडातल्या जुन्या राज्याचा) ड्रॅगन आणि एक लढवय्या माणसाचं चित्र असलेला. विल्यमचा एक स्वतःचा आणि एक पोपने पाठवलेला, निदान नॉर्मन बखरकार तसं सांगतात. हॅरॉल्डचे झेंडे टेकडीच्या कण्यावर सगळ्यात उंच जागी.

आणि बुरुज-तटबंदी करायचा हात कितीही शिवशिवला तरी टेकडीवर काही बांधायचं नाही. फार तर पुळणीजवळ मातीचा उंचवटा करून त्याभोवती हिरांचं कुंपण करा, विल्यमने उतरल्यावर हेस्टिंग्जला तसला मातीचा आणि लाकडाचा कोट घाईघाईने उभारला होता.

आकाशकंदील आणि गडगा

१०६६ च्या एप्रिलमध्ये आकाशात शेपटीचा तारा दिसला आणि लोक घाबरले, नवा राजा बसून चार महिने नाही झाले आणि हे काय. तो हॅलेचा धूमकेतू, ७५-७६ वर्षांनी येणारा, १९८६ मध्ये येऊन गेला आणि आता २०६१ मध्ये येणार. म्हणजे तुमचा आकाशकंदील फुकटात कामाला लागतो, त्याच्या झिरमिळ्या सगळ्या एका बाजूला ओढून बांधा आणि टांगून द्या. लढाई ऑक्टोबरची, तारा एप्रिलचा, म्हणून बरोबर टेकडीच्या डोक्यावर नको, जरा लांब टांगा.

हा तारा आपल्याला चित्रात पण बघायला मिळतो, कारण ह्या सगळ्या प्रकरणाचं एक कापड आहे. बायोचं कापड, फ्रान्समध्ये बायो गावातलं, लिननच्या कापडावर लोकरीच्या धाग्याने भरतकाम केलेलं, लांबी जवळजवळ ७० मीटर आणि रुंदी फक्त अर्धा मीटर. आठ नऊवारी साड्या एकापुढे एक जोडल्या तरी थोडी कमीच पडेल एवढं. बहुतेक अभ्यासक मानतात की विल्यमचा सावत्र भाऊ बिशप ओडो ह्याने ते लढाईनंतर काही वर्षांत करून घेतलं. त्यात शपथ आहे, तारा आहे, जहाजं बांधणं आहे, घोडे उतरवणं आहे, स्वयंपाक आहे, आणि खालच्या काठात मेलेल्यांच्या अंगावरची चिलखतं ओढून काढणारे लोक पण आहेत. इंग्रजांचा एकच धनुर्धारी दाखवलाय तो ह्याच कापडात. तुमच्या खळ्याला गडगा (दगडी कुंपण) असेल तर त्यावर कागदाची लांब पट्टी लावा आणि ज्या पोरांना मातीत हात घालायला आवडत नाही त्यांना तिथे चित्रं काढायला बसवा. लिहायचं थोडं, चित्र जास्त.

रोज काय हलवायचं

धनत्रयोदशीला फक्त पुळण आणि मागचं दार. पुळणीवर जहाजं लागलेली, घोडे उतरतायत. मागच्या दाराशी फळकुटाचा पूल. पुलाची एक गोष्ट पोरांना फार आवडते, एकटा नॉर्वेचा कुऱ्हाडवाला अख्ख्या इंग्रज फौजेला अडवून धरतो आणि शेवटी कोणीतरी पुलाखालून भाला खुपसून त्याला मारतो. ही गोष्ट मागाहून जोडलेली आहे, पण सांगायला काय हरकत आहे. टेकडी त्या दिवशी रिकामी.

चावदिवसाला (नरकचतुर्दशीला) पहाटे आंघोळी, कारीट फोडून झालं, पोहे खाऊन झाले की फौजा मांडायच्या. इंग्रज कण्यावर, ढालीला ढाल खेटून, दोन ढालींत फट दिसली की पोरांना परत लावायला सांगा. नॉर्मन खाली तीन गटांत, बघणाऱ्याच्या डाव्या हाताला ब्रिटनीचे (फ्रान्सच्या वायव्य टोकाचे) लोक, मध्ये विल्यम आणि त्याचे नॉर्मन, उजव्या हाताला फ्रेंच आणि फ्लँडर्सचे (आताच्या बेल्जियमकडचे). प्रत्येक गटात पुढे धनुर्धारी, मग पायदळ, मग घोडे. सकाळी नऊ वाजता धनुर्धारी पुढे सरकवा, थोडे बाण (हिराचे तुकडे) इंग्रजांच्या ढालींवर आणि बरेच त्यांच्या मागे टाका. वरून उलटे बाण येत नाहीत कारण इंग्रजांकडे धनुष्यंच नाहीत, मग उचलून परत मारायला पण काही मिळत नाही. पायदळ वर चढवा, परत खाली आणा. घोडे चढवा, परत खाली आणा. त्या दिवशी काहीच बदलत नाही आणि पोरं वैतागतात, तेच पाहिजे, विल्यम पण असाच वैतागला असेल.

लक्ष्मीपूजनाला मजा सुरू. (ज्या वर्षी चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी येतं तेव्हा सकाळ-संध्याकाळ वाटून घ्या.) डावीकडचे ब्रिटनीवाले मोडले आणि पळत खाली आले, ते चिखलात घाला. त्यांच्या मागे इंग्रजांची काही माणसं रांग सोडून उतारावरून धावत आली, ती पण खाली आणा. आणि तेवढ्यात नॉर्मन फौजेत आवई उठली की विल्यम पडला. इथे थांबा आणि पोरांना पानिपत सांगा. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासराव पडले, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, रिकामी अंबारी दिसली आणि फौजेचा धीर सुटला. विल्यमने काय केलं, त्याने टोप वर करून तोंड दाखवलं, ओरडून सांगितलं की मी जिवंत आहे, घोडा फिरवला आणि सगळ्यांना परत वळवलं. माझ्या मते अख्ख्या दिवसातला हाच क्षण, बाकी सगळं ह्याच्या पुढे-मागे. विल्यमचा पुतळा करताना टोप सुटा ठेवा, काढता-घालता आला पाहिजे, एवढी एक हौस करा. मग रांग सोडून खाली आलेल्या त्या इंग्रजांना घोडेस्वारांनी घेरायचं आणि सगळे आडवे करायचे. वरच्या रांगेत तेवढी भगदाडं.

पाडव्याला दुपार ते संध्याकाळ. सकाळी जे चुकून झालं तेच नॉर्मनांनी मुद्दाम करायला सुरुवात केली, पळायचं नाटक करायचं, मागे आलेल्यांना खाली गाठायचं. घोडदळाला एवढं शिस्तीत नाटक जमतं का ह्यावर वाद घालणारे आहेत, पण जुन्या बखरींत ते आहे, आणि मावळ्यांच्या गनिमी काव्यावर वाढलेल्या आपल्या पोरांना ते अजिबात खोटं वाटत नाही. दर खेपेला इंग्रजांचे दहा-बारा पुतळे कमी करा, रांग आखूड करत आणा. जशी रांग आखूड होते तसे टेकडीचे दोन्ही शेंडे रिकामे होतात, आता नॉर्मनांना कण्यावर चढायला जागा मिळते आणि उताराचा फायदा संपतो. हे पोरांना स्वतःला दिसलं पाहिजे, तुम्ही सांगू नका. हॅरॉल्डचे दोन भाऊ, गर्थ आणि लिओफवाइन, दोघं ह्याच लढाईत पडले, त्यांना आधीच आडवे करा.

शेवटी हॅरॉल्ड. डोळ्यात बाण लागून मेला हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं. बायोच्या कापडात राजाच्या नावाखाली दोन माणसं आहेत, एकाने डोक्याशी आलेला बाण धरलाय आणि दुसऱ्याला घोडेस्वार तलवारीने पाडतोय, ह्यातला हॅरॉल्ड कुठला की दोन्ही तोच, ह्यावर भांडण अजून चालू आहे. पुतळ्याच्या डोळ्यात हीर खुपसायचा पोरांचा उत्साह आवरा, नुसते झेंडे आडवे करा आणि दोन्ही गोष्टी सांगा. त्यानंतर उरलेले इंग्रज उत्तरेच्या मानेवरून झाडीत. अंधार.

भाऊबीजेला फार काम नाही. टेकडीच्या माथ्यावर जिथे हॅरॉल्डचे झेंडे होते तिथे काड्यापेटीचं एक चर्च ठेवा. विल्यमने पुढे तिथे मठ बांधायला लावला आणि त्याची मुख्य वेदी हॅरॉल्ड पडला त्या जागेवर ठेवली असं मानतात, त्याचे अवशेष आजही आहेत. जेवायला आलेली मंडळी विचारणारच, म्हणजे तो लगेच राजा झाला का? नाही, लंडन लगेच दार उघडेना, तो वळसा घालून आजूबाजूची गावं जाळत गेला, मग सगळे नमले, आणि २५ डिसेंबरला वेस्टमिन्स्टरला त्याला मुकुट घातला. आत लोकांनी जयजयकार केला, बाहेरच्या नॉर्मन पहारेकऱ्यांना वाटलं दंगल झाली, त्यांनी आजूबाजूच्या घरांना आगी लावल्या आणि अर्धे पाहुणे राज्याभिषेक सोडून बाहेर पळाले. हे सांगितलं की कोणीतरी पोर लगेच लवंगी माळ घेऊन येणार. टेकडीच्या आत सगळा पेंढा कोंबलाय हे त्याला सांगा, फटाके गडग्याच्या बाहेर, आणि मोहरीला सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचं तेवढं चालू ठेवा, मुंबईची गाडी सुटेपर्यंत हिरवी राहते.